पाठीवर इरलं, पुढून वारा

आमच्या घरात तीन रेनकोट आहेत, चार छत्र्या आहेत आणि मुलांच्या मामूंनी सौदीहून पाठवलेलं एक महागडं जॅकेटही आहे. तरीही गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही चौघं रायगडावर पोहोचलो तेव्हा एकाच्याही अंगावर कोरडा धागा नव्हता आणि आमचा नऊ वर्षांचा धाकटा बोलायचा थांबला होता.

आम्ही महाडचे. रायगड म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा, तीही हिवाळ्यात. भर पावसात पायऱ्यांनी चढायची हौस मोठीची. ती अकरावीत आहे, मैत्रिणींचे फोटो बघून तिनं हट्ट धरला. दादीनं तेव्हाच विचारलं होतं, "रोपवे आहे ना? मग भिजत चढायचं ते कशापायी?" दादीला पावसाचं कौतुक नाही. २०२१च्या जुलैतला पूर तिनं माळ्यावर बसून पाहिला आहे.

चित दरवाजापासून चौदाशेच्या वर पायऱ्या. पहिल्या अर्ध्या तासातच आमचे रेनकोट हरले. बाजारात मिळतात तेच जाड प्लास्टिकचे, गळ्यापर्यंत चेन लावायचे. पाऊस एक थेंब आत येऊ देत नाहीत, पण घामाचाही एक थेंब बाहेर जाऊ देत नाहीत. बाहेर पावसाची आंघोळ, आत घामाची. धाकट्याचा सुती बनियन पिळून काढावा इतका ओला, आणि आम्ही मात्र त्याची चेन पुन्हा पुन्हा वर ओढत होतो, पोर भिजायला नको म्हणून!

मामूंचं जॅकेट मोठीच्या अंगावर होतं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की ते पाणी अडवतं आणि घामाची वाफ बाहेर सोडतं. खोटं नाही ते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड लागते. आपल्याकडे आषाढात हवाच पाण्यानं भरलेली. वाफेनं जायचं कुठे? शिवाय तासाभराच्या माऱ्यानं वरचं कापड भिजून जड झालं की उरलीसुरली वाटही बंद. बर्फाच्या मुलुखासाठी शिवलेली वस्तू कोकणात आणून आपण तिला दोष देतो. तिच्या डोक्याला मोठा सुती स्कार्फ, त्यावर जॅकेटची टोपी. स्कार्फ चिंब होऊन मानेवर ओझं झाला आणि टोपीमुळे तिला बाजूचं दिसेना, मागून हाक मारलेली ऐकू येईना. निसरड्या पायऱ्यांवर हे पावसापेक्षा धोक्याचं.

महादरवाजा ओलांडेपर्यंत चढाईची ऊब होती. वर होळीच्या माळावर मात्र वारा मोकाट. गड सुमारे ८२० मीटर उंच. महाडपेक्षा वर हवा चार-पाच अंशांनी थंड. अंगाला चिकटलेलं पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ऊब ओढून घेतं, हे आम्हाला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की धाकटा आधी कुडकुडत होता, मग गप्प झाला. काही विचारलं की नुसतं "हूं". पाय मध्येच अडखळत होते. आम्हाला वाटलं, दमला आहे. आम्ही त्याला आणखी एक रेनकोट घातला, वरून.

पुढे एका झोपडीत पिठलं-भाकरी विकणारी बाई होती. तिनं एकदाच पाहिलं आणि ओरडली, "अवो भाभी, वरनं कोट काय घालताय? आतला बनियन काढा पयला!" आमची वाट न बघता तिनंच त्याला उघडा केला, कोरड्या फडक्यानं पुसला, घोंगडीत गुंडाळून चुलीशी बसवला आणि गोड चहा पाजला. आमच्या सॅकमधले जादाचे कपडे काढले तर तेही भिजलेले. सॅकला वरून कव्हर होतं खरं, पण पाठीवरून ओघळणारं पाणी आत जायचं ते गेलंच. अर्ध्या तासानं धाकटा म्हणाला, "भाकरी आहे का?" अल्लाहचं शुक्र! त्या बाईनं चहाचे पैसे घेतले, घोंगडीचे घेतले नाहीत. खाली रोपवेनं आलो.

घरी दादीनं सगळं ऐकून घेतलं. दादी लहानपणी भातलावणीला जायची. म्हणाली, "आम्ही दिवसभर पावसात वाकलेलो असायचो. इरलं पाठीवर. पुढून सगळं उघडं. भिजायचो, पण शिजायचो नाही." बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते इरलं डोकं आणि पाठ झाकतं, हात मोकळे ठेवतं आणि पुढून वारा खेळू देतं. आणि बांधावर गुराख्याच्या अंगावर घोंगडीची खोळ असायची, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. दुकानदारानं न सांगितलेलं सगळं दादीकडे होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

यंदा खरेदी उलटी केली. कोरडं राहायचा नाद सोडला. थंडी वाजू नये एवढंच पाहिलं. रेनकोटऐवजी दोन्ही बाजूंनी उघडे सैल पोंचो, सॅकसकट अंगावर येणारे. पोंचो वाऱ्यावर फडफडतो, म्हणून कमरेला दोरी. आत सुती काहीही नाही. चटकन वाळणारे पॉलिस्टरचे पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट. मोठीला त्याच कापडाचा सैल, गडद कुर्ता, कारण फिक्या रंगाचं ओलं कापड अंगाला चिकटलं की ती संकोचते, आणि संकोचलेलं माणूस पायाकडे बघत नाही. मोठ्या स्कार्फऐवजी त्याच कापडाचा लहान, घट्ट बसणारा. त्यावर पुढे झाप असलेली टोपी, म्हणजे चष्म्यावर पाणी नको. छत्री नेलीच, पण ती झाडीत चालताना. माळावर पहिल्याच झोतात उलटी होते. बुटांचंही तेच: पाणी आत न येणारे बूट एकदा वरून भरले की बादल्या होतात. चांगली पकड असलेले, पाणी वाहून जाणारे साधे बूट बरे.

प्रत्येकाचा एक कोरडा जोड मात्र दोन प्लास्टिक पिशव्यांत, गाठ मारून, सॅकच्या आत. त्यातच जोहरच्या नमाजेसाठी एक कोरडी ओढणी. तो चढताना उघडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. वर आडोशाला थांबलो की अंगावरचं ओलं उतरवून तो घालायचा. आणि हवामान खात्यानं लाल इशारा दिला असेल किंवा प्रशासनानं गड बंद ठेवला असेल, तर हे सगळं कपाटातच.

यंदा जुलैच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. निघताना दादीनं धाकट्याची सॅक उघडायला लावली, पिशवीची गाठ सोडली, आतला बनियन गालाला लावून पाहिला आणि गाठ स्वतःच्या हातानं परत मारली. मग तिनं त्या बाईसाठी जुन्या साडीत बांधलेलं एक गाठोडं दिलं. आत काय आहे ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वजनाला घोंगडीएवढं होतं.