वेचणीच्या दिवसांतली शाळा

सोयाबीनची मळणी उरकते न उरकते तोच कापूस फुटतो. मधेच फुलांचा सण बतुकम्मा, दसरा, दिवाळी आणि गोंड पाड्यांवरचा दंडारीचा नाचोत्सव. आश्विन-कार्तिकात तेलंगणातल्या आमच्या गुडीहत्नूरच्या शेतकरी घरांत माणूसबळ कधीच पुरत नाही. मुलांना घरी शिकवणाऱ्या आईची कसोटी लागते ती याच दिवसांत. जूनमध्ये वेळापत्रक कोणीही लावतं, ते कापसाच्या तोंडावर टिकवणं अवघड.

या दोन महिन्यांपुरतं मी बहुतेक सगळं सोडून देते. इतिहास, नकाशे, चित्रकला मार्गशीर्षात. पण उजाडण्याआधीचा तास सोडत नाही. वाचन आणि गणित, बस. वेचणीला बाया दारात यायच्या आत ते झालेलं असतं. पंडिता रमाबाईंना त्यांची आई लक्ष्मीबाई अशीच भल्या पहाटे उठवून शिकवी, कारण दिवसभर घरकामातून तिला सवडच नसे. हातात पुस्तकही नव्हतं, आई म्हणे आणि मुलगी ते पाठ करी. सवड मिळेल तेव्हा शिकवू म्हटलं असतं, तर त्या घरात शिकणं झालंच नसतं.

उरलेला दिवस शेतात आणि अंगणात जातो, आणि तिथे मला सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. घरी शिकवणारे आम्ही पालक एक वाक्य फार सहज बोलतो: मुलं कामातूनच शिकतात. खरं आहे, पण अर्धंच. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताच्या दिवशी माझी धाकटी मुलगी पहिल्यांदा तासात उतरते. बोंड कसं उकललं, सरकीला रुई कशी धरून बसते, पिकल्या बोंडाची काटेरी टोकं बोटांना कशी बोचतात, हे सगळं ती स्वतः पाहते. हा धडा. चौथ्या दिवशीही ती कमरेला फडका बांधून वेचतच असेल, तर ती शिकत नाहीये, मजुरी करते आहे. तेलंगणात शाळेबाहेर राहिलेल्या कितीतरी मुलांची बालपणं कापसाच्या शेतांतच गेली आहेत. 2016 साली बालकामगार कायदा दुरुस्त झाला. घरच्या कामात मुलांनी हातभार लावायला त्यात मुभा आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. आमच्या घरात घंटा वाजत नाही. मग शाळेची वेळ कुठवर, ते मलाच ठरवावं लागतं आणि सासूबाईंसमोर, बायांसमोर, एखाद्या दिवशी आभाळ भरून आलेलं असतानाही पाळावं लागतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा मला यासाठीच मोठी वाटते. 1945 साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबाडला गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणावर गेली. गुरं राखणं हेच शिक्षण, असं म्हणून त्या घरी बसल्या नाहीत.

थोरल्या मुलाला मी वेचणीऐवजी वजनकाट्यापाशी उभं करते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव होता. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यामागे टक्का कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर हमीभावाने खरेदीच नाही. दहा टक्के ओलावा निघाला तर किती रुपये गेले? तो वहीत मांडतो: एकशे बासष्ट रुपये वीस पैसे. मग स्वतःहून विचारतो, अजून दोन दिवस ऊन दिलं तर वजन किती घटेल, आणि तो तोटा या कपातीपेक्षा मोठा की लहान? शेकडेवारीचं एवढं चांगलं उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. त्याचे बाबा आता गाडी आदिलाबादला न्यायच्या आधी त्याची वही मागतात.

धाकटीची तेलुगू बतुकम्माच्या दिवसांत झपाट्याने वाढते. शेजारच्या अक्कांबरोबर ती बांधावर फुलं तोडायला जाते. तरवडाला तंगेडू, कुरडूला गुनुगू. घरी येऊन दोन्ही नावं दोन्ही लिप्यांत लिहिते, फुलं वहीत दाबून ठेवते. तिथे माझी गरजच नसते, आणि मी मुद्दाम लांब राहते.

दंडारी आली की मात्र पहाटेचा तासही बंद. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नर्तक येतात तेव्हा मुलांनी त्यांच्यामागे जावं, ढोल जवळून ऐकावा. त्यावर निबंध लिहायला मी सांगत नाही.

थोरला चौदाचा झाला की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसेल. मराठी आणि तेलुगू, तिथे दोन्ही माध्यमं आहेत. कोणतं घ्यायचं, ते त्याने ठरवावं असं आम्ही सांगितलंय. सध्या तरी त्याचं म्हणणं आहे की गणित कुठल्याही भाषेत चालेल, फक्त उदाहरणं कापसाची असू देत.