१२१ पराभवांची वही

घरमालकीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन २०२४ च्या मार्चमध्ये झालं. चार दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं, टेबलावर एक नवी वही ठेवली आणि म्हणाल्या, "मला हे चौकोन आता दिसत नाहीत. तू लिहिशील?"

वही बेसबॉलच्या स्कोअरची होती. आम्ही शिकागोच्या ब्रिजपोर्ट भागात राहतो. जुनं दोन मजली विटांचं घर, खाली बाई, वर मी आणि माझा मुलगा. पस्तिसाव्या रस्त्यानं पूर्वेकडे चालत निघालं, की रेल्वेच्या पुलापलीकडे व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम लागतं. त्यांचा होमरन बसला की स्कोअरबोर्डावरून फटाके उडतात, ते आमच्या मागच्या जिन्यात ऐकू येतात. नऊ वर्षं मी ते फटाके ऐकत होते. त्या खेळाशी माझा संबंध तेवढाच.

मी हो म्हटलं ते खेळासाठी नाही, वहीसाठी. माझे बाबा दादरचे. कांगा लीगमध्ये एका छोट्या क्लबचं स्कोअरिंग त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. भर पावसात आझाद मैदानावरच्या तंबूत, मांडीवर प्लास्टिकचा कागद पसरून ते बसायचे. शेजारी बसून मी निर्धाव चेंडूंचे ठिपके मोजायला शिकले. टाळ्या वाजवायला लागले की बाबा हळूच माझा हात धरायचे. स्कोअररनं टाळ्या वाजवायच्या नसतात.

बेसबॉलची नोंद क्रिकेटपेक्षा वेगळी. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे आहेत. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, शॉर्टस्टॉप ६, असे. '६-४-३' लिहिलं, की शॉर्टस्टॉपनं चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्यावर गेला आणि एकाच फटक्यात दोघं बाद झाले, एवढी गोष्ट तीन आकड्यांत बसते. स्ट्राइकआउटला इंग्रजी 'के'. फलंदाज बॅट न फिरवता नुसता बघत राहिला आणि बाद झाला, तर तो 'के' उलटा लिहायचा. हे बाईंनी मला दोन संध्याकाळी शिकवलं. डोळ्यावर पट्टी असताना त्या आपलं बोट माझ्या हातावर ठेवून चौकोन मोजत होत्या.

पहिला सामना २८ मार्चला, घरच्या मैदानावर, डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध. व्हाइट सॉक्स १-० असे हरले. पण गॅरेट क्रोशे नावाच्या उंच डावखुऱ्या पिचरनं सहा इनिंगमध्ये आठ जणांना स्ट्राइकआउट केलं. बाई म्हणाल्या, "पोरगा छान टाकतोय. आठही लिहिलेस ना?" लिहिले होते.

त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. पहिल्या पंचवीस सामन्यांत तीन विजय आणि बावीस पराभव.

पराभव मी पाहिले नव्हते असं नाही. त्याच उन्हाळ्यात मुंबई इंडियन्स चौदापैकी चारच सामने जिंकून तळाला राहिली होती, आणि बाबा फोनवर रोज हळहळत होते. पण आयपीएलमध्ये चौदा सामन्यांत दुःख संपतं. बेसबॉलचा मोसम १६२ सामन्यांचा. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज. हरल्यावर विचार करायला वेळच मिळत नाही, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा राष्ट्रगीत, पुन्हा पहिला चेंडू. तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धतही अमेरिकेत नाही. हरणारा संघ शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहतो. मला हे क्रूर वाटलं होतं. आता वाटत नाही.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. अकराला कामावर जाते, सकाळी साडेसातला परत. मी नसताना मुलाकडे बाईंचं लक्ष असतं, आज किती वर्षं. त्यामुळे दुपारचे सामने मी झोपेतून उठून रेडिओवर ऐकत लिहायचे आणि संध्याकाळचे निघण्याआधी. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आमच्या रात्री पावणेनऊच्या सुमाराला सुरू होतात, त्यांचा शेवट माझा चौदा वर्षांचा मुलगा लिहायचा. वहीत अशा काही पानांवर सातव्या इनिंगपासून अक्षर बदलतं.

हा संघ इतका वाईट का झाला, ते बाईंना विचारलं तर त्या २०२१ पासून सुरुवात करत. त्या वर्षी हाच संघ ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिला आला होता. तरुण, महागडे, नामवंत खेळाडू होते. मग दुखापती सुरू झाल्या, दोन मोसम वाया गेले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संघाची बांधणी करणारे दोन्ही वरिष्ठ अधिकारी गेले. नव्यांनी मोडतोड सुरू केली. सगळ्यात भरवशाचा पिचर डिलन सीज २०२४ चा मोसम सुरू होण्याच्या तोंडावर सॅन डिएगोला देऊन टाकला. जुलैमध्ये त्यानं सॅन डिएगोकडून वॉशिंग्टनला एकही हिट न देता अख्खा सामना टाकला. ती बातमी आली त्या दिवशी व्हाइट सॉक्स टेक्ससमध्ये सलग अकरावा सामना हरले होते. बाईंनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

इथे खूप हरणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळतो. काही संघ म्हणून मुद्दाम कच्चे राहतात. पण मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संघांना लागोपाठ दोन वर्षं तो लाभ मिळू नये असा नियम आता आहे, आणि व्हाइट सॉक्स त्यात सापडले. कितीही हरले तरी २०२५ मध्ये त्यांना दहाव्याच्या वर क्रमांक मिळणार नव्हता. म्हणजे त्या पराभवांतून पुढची सोयसुद्धा होणार नव्हती. हे समजल्यावर मी बाईंना विचारलं, मग हे लोक रोज कशासाठी खेळतात? बाईंना प्रश्नच कळला नाही. "सामना आहे म्हणून," त्या म्हणाल्या.

मेअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सलग चौदा हरले. १० जुलैला मिनेसोटाविरुद्ध एका दिवसात दोन सामने होते, पहिला जिंकला, दुसरा गेला. त्यानंतर पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, टेक्सस, सिएटल, पुन्हा कॅन्सस सिटी. सगळे गेले. लिहिताना हाताला एक लय लागते, आणि मग वाईट म्हणजे ती लय खेळाच्या आधी धावते. पाचव्या इनिंगलाच मी शेवट मनात लिहून मोकळी व्हायचे.

२ ऑगस्टला मिनेसोटात अठरावा पराभव झाला. तो मी लिहिला नाही. दिवसभर झोप झाली नव्हती, लॅबमध्ये माणसं कमी होती, हे सगळं खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्या पानाचा कंटाळा आला होता. खाली गेलेच नाही. सकाळी कामावरून आले तेव्हा बाई मागच्या जिन्यात बसल्या होत्या, वही मांडीवर. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बरी आहेस ना?"

रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. ते ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "अगं, बेचाळीस ऑलआउटचं पान आहे माझ्याकडे."

१९७४ चा जून, लॉर्ड्स. भारत दुसऱ्या डावात सतरा षटकांत ४२ धावांत बाद. बाबा रेडिओला कान लावून लिहीत होते. १९७१ च्या विजयानंतर वाडेकरांच्या संघासाठी इंदूरला सिमेंटची भली मोठी बॅट उभारली होती, या पराभवानंतर लोकांनी तिला काळं फासलं. बाबांनी त्या रात्री काय केलं, तर पान पूर्ण करून बेरीज जुळवली. "त्या पानावर काय आहे ठाऊक आहे?" ते म्हणाले. "सोलकर नाबाद अठरा. एक सिक्स. दोन आकडी धावा करणारा एकटा. लिहिलं नसतं, तर नुसते बेचाळीस राहिले असते बघ."

एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, हे बाबा प्रत्येक वेळी सांगतात. त्या दिवशीही सांगितलं.

५ ऑगस्टला ओकलंडमध्ये एकविसावा पराभव. १९८८ मध्ये बाल्टिमोरनं केलेल्या अमेरिकन लीगच्या विक्रमाशी बरोबरी झाली. ६ ऑगस्टला मी दहापर्यंत लिहिलं आणि निघाले. रात्री सव्वाअकराच्या पुढे, सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या लावत असताना फोन थरथरला. मुलाचा निरोप होता: 'आई, ५-१. जिंकलो. मी सगळं लिहिलंय.' आसपास कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ओकलंडचा संघसुद्धा त्या वर्षाअखेर आपलं गाव सोडून जाणार होता. तिथल्या प्रेक्षकांसाठी ती तळाच्या संघाची वर्षं नव्हती, शेवटची वर्षं होती. ते माझ्या मनातून जात नाही.

दोन दिवसांनी मॅनेजरला काढलं. वहीत त्याची नोंद करायला जागा नसते.

सप्टेंबरात आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. विसाव्या शतकापासूनचा सर्वाधिक पराभवांचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२०. पण तो संघ त्या वर्षी नुकता जन्मला होता. हा शंभर वर्षांहून जुना संघ, २००५ चा विश्वविजेता. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोत तो १२० वर पोचला. २४ ला घरच्या मैदानावर एंजल्सविरुद्ध सामना होता. बाई म्हणाल्या, "आज आपण जायचं."

आम्ही तिघं चालत गेलो. स्टेडियमशेजारच्या पार्किंगमध्ये, जिथे १९१० चं जुनं कॉमिस्की पार्क होतं, त्याच्या होम प्लेटची खूण जमिनीत बसवलेली आहे. बाई तिथे थांबल्या. १९५९ मध्ये व्हाइट सॉक्स लीगचे विजेते ठरले, त्या रात्री अग्निशमन प्रमुखांच्या हुकमावरून शहरभर हवाई हल्ल्याचे भोंगे वाजले होते. बाई अकरा वर्षांच्या. आईनं त्यांना उचलून तळघरात नेलं, रशियानं बॉम्ब टाकला समजून. वडील मात्र रस्त्यावर नाचत होते. हे त्यांनी मुलाला सांगितलं, मग काठीनं ती खूण हलकेच ठोकली आणि पुढे निघाल्या.

त्या रात्री बरेच लोक विक्रमी पराभव बघायलाच आले होते. संघ दोन धावांनी मागे होता. "संघ विका, संघ विका" असा घोष सुरू झाला. मालक १९८१ पासून तेच आहेत आणि लोकांचा संताप खरा आहे, तो मला चुकीचा वाटत नाही. पण मैदानावर उभ्या असलेल्या तरुण पोरांनाही तो ऐकू येत होता. सातव्या इनिंगनंतर मागे असताना हा संघ या मोसमात एकदाही जिंकला नव्हता. आठव्या इनिंगमध्ये त्यांनी तीन धावा काढल्या. ३-२ असा सामना जिंकला. आकाशात फटाके, या वेळी अगदी डोक्यावर. मी पेन्सिल खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. बाबांना हे सांगितलेलं नाही.

पुढच्या दिवशी दहा इनिंगमध्ये ४-३, त्यानंतर ७-०. एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. १२१ वा पराभव २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला, ४-१. त्याच रात्री डेट्रॉइटचा संघ २०१४ नंतर प्रथमच बाद फेरीत पोचला. रेडिओवर त्यांच्या प्रेक्षकांचा जल्लोष बराच वेळ चालला होता. २००३ मध्ये याच डेट्रॉइटनं ११९ सामने हरून अमेरिकन लीगचा नीचांक केला होता. बाईंनी आवाज कमी केला नाही. "त्यांनाही पुष्कळ वाट बघावी लागली," त्या म्हणाल्या. मी शेवटचा चौकोन भरला.

२९ सप्टेंबरचा शेवटचा सामना ९-५ असा जिंकला. ४१ विजय, १२१ पराभव. गॅरेट क्रोशेचे १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट. डिसेंबरात त्यालाही बॉस्टनला देऊन टाकलं, पण ते 'के' या वहीत आहेत, सुलटे आणि उलटे.

कोरं राहिलेलं पान इंटरनेटवरून भरून देतो, असं मुलगा म्हणाला. दोन मिनिटांचं काम होतं. बाई नको म्हणाल्या. ऐकून लिहिलेलं नाही, ते या वहीत जाणार नाही. वही आता त्यांच्या कपाटात बाकीच्या वह्यांबरोबर आहे. तिच्यात १६१ सामने आहेत. २ ऑगस्टचं पान कोरं आहे.