तत्रैव

एम. ए.च्या विद्यार्थ्यांचे शोधनिबंध आमच्या टेबलावर येऊन पडतात तेव्हा आम्ही ते मागून उघडतो. ही आमची जुनी खोड. प्रस्तावनेत सगळेच विद्यार्थी ऋणी असतात, निष्कर्षात सगळेच समारोप करतात. संदर्भसूचीत मात्र विद्यार्थी काय वाचून आला आणि काय न वाचता आला, हे झाकता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इतकी वर्षे मराठी शिकवल्यावर आमचे मत असे झाले आहे की, संदर्भसूची हा निबंधाचा सर्वांत प्रामाणिक, किंवा सर्वांत अप्रामाणिक, भाग असतो. मधली अवस्था नसते.

प्रथम आमच्याच अपराधाची कथा सांगितली पाहिजे. एम. फिल.च्या वेळी महानुभाव वाङ्मयावर लिहिताना आम्हांला य. खु. देशपांडे यांच्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’चा आधार हवा होता. य. खु. यवतमाळचेच, शारदाश्रमाच्या द्वारे त्यांनी केलेले काम या विषयातल्या कोणालाही टाळता येत नाही. परंतु पुस्तक हाती नव्हते आणि मुदत उद्यावर आली होती. तेव्हा एका छापील प्रबंधातली तळटीप आम्ही पृष्ठांकासह उचलली आणि मूळ पुस्तक पाहिल्याच्या थाटात आमच्या नावे लावली. पुढच्याच टिपेत ‘तत्रैव’ असे लिहिले, म्हणजे असत्याला संस्कृताची झालर लागली. परीक्षकांनी काही विचारले नाही. काही वर्षांनी प्रत्यक्ष पुस्तक पाहिले तर त्या पानावर निराळाच विषय चालू होता. तोवर आमचा निबंध वाचून आमच्या दोन विद्यार्थ्यांनी तोच पृष्ठांक आपल्या निबंधांत घेतला होता. वडिलोपार्जित शेताचा चुकीचा सातबारा पिढ्यान्‌पिढ्या चालावा, तसा तो अंक आमच्या घराण्यात चालू राहिला. दुसऱ्याच्या ग्रंथात उद्धृत झालेले वाक्य त्या ग्रंथाच्या नावानेच द्यावे, हा नियम आम्ही वर्गात जरा जोरात सांगतो, त्याचे कारण हे.

‘तत्रैव’विषयी आणखी एक गोष्ट. हा शब्द फक्त लगतच्या वरच्या टिपेकडे बोट दाखवतो. विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात मधेच एक नवी टीप घालतो आणि खालची सगळी ‘तत्रैव’ मुकाट्याने भलत्याच ग्रंथाची होतात. संगणक टिपांचे क्रमांक सुधारतो, त्यांचा अर्थ सुधारत नाही. म्हणून आम्ही सांगतो की, कच्च्या खर्ड्यात लेखकाचे आडनाव, वर्ष, पृष्ठ एवढे प्रत्येक वेळी लिहावे. ‘तत्रैव’ आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ अगदी शेवटी आणावेत, किंवा आणूच नयेत.

मराठीत संदर्भ देण्याची सर्वमान्य अशी एक रीत नाही, हे दुखणे जुने आहे. एमएलएच्या पुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ मध्ये आली, एपीएची सातवी २०१९ मध्ये. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण ‘शके १८४७’ असे छापलेल्या पुस्तकाचे काय करावे, हे तिथे शोधायला जाऊ नये. अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, १९२५ लिहावे, आणि मूळ शक कंसात राहू द्यावा, कारण शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते आणि शेवटचे महिने पुढच्या इसवी सनात जातात. तसेच आद्याक्षरांचे. नुसते ‘देशपांडे’ लिहून भागेल असे ज्याला वाटते त्याने महानुभावांवर एक प्रकरण लिहून पाहावे. य. खु. देशपांडे निराळे, ‘स्मृतिस्थळ’ संपादणारे वा. ना. देशपांडे निराळे आणि ‘प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास’ लिहिणारे अ. ना. देशपांडे निराळे. अकारविल्हे लावतानाही भांडण आहेच. आमच्या शाळेतल्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ सर्वांत शेवटी होते. संगणक ‘ज्ञानेश्वरी’ला ज मध्ये नेऊन बसवतो. दोन्हींपैकी कोणतीही रीत घ्या, पण एकाच सूचीत दोन नकोत. असो.

हे सारे नियम आम्हांला पाठ होते, म्हणूनच तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीपुढे आमची फजिती झाली. झरी-जामणी भागातली मुलगी. जात्यावरच्या ओव्या हा विषय तिने घेतला होता. त्यातल्या बहुतेक ओव्या तिने आपल्या आजीकडून आणि शेजारच्या बायकांकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून उतरवून काढल्या होत्या. कच्चा खर्डा घेऊन आली तेव्हा तिने विचारले, “सर, आजीचं नाव कुठं टाकू?”

आम्ही घाईत होतो. “लोकगीत आहे ना, मग कर्ता अज्ञात. खाली ‘पारंपरिक’ असं लिही. आभारात आजीचं नाव घे,” असे सांगून मोकळे झालो. तिने ऐकले. शिक्षकाचे ऐकण्याची सवय मोडायला आमच्याकडे पदव्युत्तर शिक्षणही पुरत नाही.

मौखिकीला बाहेरून आलेल्या बाईंनी निबंध चाळला आणि शांतपणे विचारले, “ह्या एवढ्या ओव्या तू कुठून घेतल्यास? छापील संग्रहातून घेऊन ‘पारंपरिक’ म्हटलेलं आम्ही पुष्कळदा पाहतो.” मुलगी गोरीमोरी झाली. जिथे तिचे स्वतःचे काम सर्वांत अधिक होते, तिथेच ती चोर ठरत होती, आणि तेही आमच्या सांगण्यावरून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांमुळे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, पुढे शिक्षेच्या पायऱ्या लागतात, हे आम्ही सर्वांना तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राला तिच्या आजीचा आवाज कधी ऐकू येणार नव्हता. तिने मोबाइल काढला आणि एक ओवी लावली. बाईंनी ती पूर्ण ऐकली. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “सर, ह्या गाणारणीला नाव नाही का?”

त्या रात्री आम्हांला ‘लीळाचरित्र’ आठवले, आणि लाज वाटली. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी हिंडून, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग शिष्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा जुळवावे लागले. ते जुळवताना जिथे आठवणी जुळेनात तिथे एकच खरी मानून बाकीच्या पुसून टाकल्या नाहीत. वेगळा पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवला, आणि कोणाचा तेही सांगितले: परशरामबास, रामेश्वरबास, हिराइसा. त्यांतली हिराइसा ही तीव्र स्मरणशक्तीची बाई. तिचे म्हणणे तिच्या नावाने पोथीत राहिले. रिद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. वि. भि. कोलते यांची संपादित प्रत आमच्या कपाटात आहे. तिच्यावर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने देतो. आणि आम्हीच एका मुलीला ‘कर्ता अज्ञात’ लिहायला सांगितले होते!

लांब जायचीही गरज नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी जमवलेल्या, आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर असलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त आहे. एमएलएच्या रीतीने स्वतः घेतलेली मुलाखत, मुलाखत देणाऱ्याच्या नावाने, सूचीत येते. एपीए अशा खाजगी संवादाला मजकुरात जागा देते, सूचीत नाही. वाचकाला तो पुन्हा मिळवता येणार नाही, हे तिचे कारण. कारण समजण्याजोगे आहे, पण ध्वनिमुद्रण जपून ठेवले असेल तर ते आम्हांला पटत नाही.

मुलीला दुरुस्तीसाठी पंधरा दिवस मिळाले. आम्ही तिला नमुना करून दिला: आडनाव, नाव, वय, गाव, तालुका, मुद्रणाची तारीख, मुद्रण कोणाकडे आहे. वरवर सोपे, पण ती गावी जाऊन आली तेव्हा नवी अडचण घेऊन आली. शेजारच्या एका बाईला सगळे गाव ‘अमक्याची माय’ म्हणून ओळखत होते. आधार कार्डावरचे नाव निराळे होते, आणि माहेरचे, ज्या नावाने तिने ओव्या शिकल्या ते, तिसरेच. आम्ही म्हटले, कार्डावरचे सूचीत घे, बाकीची दोन्ही टिपेत दे, पण आधी तिला विचार की नाव छापलेले चालेल का. हे विचारायचेही आम्हांला पहिल्या खेपेस सुचले नव्हते.

आजीने मात्र उलट विचारले होते, “माहं नाव काहून लिवतं वं त्याच्यात? गाणं त माह्या मायचं व्हय.”

मुलीने तेही लिहिले. सूचीत आजीची नोंद कोलते आणि देशपांडे यांच्या मध्ये आली आहे, आणि तिच्या शेवटी, स्वल्पविराम देऊन, ‘आईकडून’ असा एक शब्द आहे. तो कोणत्या पद्धतीत बसतो असे कार्यालयातून विचारले गेले, तेव्हा आम्ही खाली सही केली.