सुटी आणि रजा

कामातून मिळणाऱ्या मोकळिकीसाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. सुटी हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाच्या कुळातला. गाठ सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते. वेळ झाली की आपोआप सुटते. रजा हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थच मुळी संमती, अनुज्ञा असा आहे. सुटी येते; रजा कुणीतरी द्यावी लागते, म्हणून ती मागावी लागते. निरोप घेताना ‘रजा घेतो’ म्हणण्याची आपली जुनी रीत याच अर्थाची.

हा भेद माझ्या नीट ध्यानात आला तो आमच्या धर्मग्रामातील एका आईच्या बोलण्यातून. तिची मुलगी यवतमाळ शहरातील एका मोठ्या कापड दुकानात काउंटरवर काम करते. रविवारच्या मिस्सेनंतर मी सहज विचारले, “बाई, लेक दिसली नाही बऱ्याच दिवसांत?” त्यावर ती म्हणाली, “पोरीले उद्या सुटी हाये का नाही, हे तिलेच मालूम नसते, फादर.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. आज ऊन आहे, असे सांगावे तसे तिने सांगितले.

या बाईला स्वतःला दुखणे आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयात दर दोन महिन्यांनी दाखवायला जावे लागते. पुढची तारीख कागदावर लिहून मिळते. पहाटे निघावे लागते, सोबत कुणीतरी लागते आणि घरात दुसरे कुणी नाही. रुग्णालय दोन महिने आधी दिवस सांगते; दुकान मात्र आदल्या रात्री दहा वाजता सांगते. मालकाने नेमलेला मॅनेजर दुकान बंद झाल्यावर हिशेब उरकतो आणि मग मोबाइलच्या गटावर दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या टाकतो. कोणी सकाळी दहाला यायचे, कोणी दुपारी, कोणाचा ‘ऑफ’. तोवर त्या मुली फोन उशाशी घेऊन जाग्या असतात. मागच्या खेपेला या मुलीने महिनाभर आधी तोंडी सांगून ठेवले होते. मॅनेजरने मानही डोलावली होती. आदल्या रात्री तिचे नाव सकाळच्या पाळीत आले. ती आईबरोबर गेलीच. पण त्या दिवसाचा खाडा लागला आणि पुढचे दोन आठवडे तिला एकही ‘ऑफ’ मिळाला नाही. सुटी ही तिची हक्काची गोष्ट. पण तिला ती रजेसारखी मागावी लागली आणि मागितल्याचा दंडही भरावा लागला.

वाचकहो, आमच्या जिल्ह्याला कष्ट नवे नाहीत. कापसाच्या या मुलखात सालगडी वर्षाच्या बोलीवर राहतो. गुढीपाडव्याला बोली ठरते: पैसे किती, धान्य किती, कपडे काय, खाडा पडला तर काय. ही पद्धत मोठी न्याय्य होती असे मी मुळीच म्हणणार नाही. आगाऊ उचल घेतलेल्या माणसाची काय अवस्था होते, ते खेड्यात काम केलेल्या कोणत्याही धर्मगुरूने पाहिलेले असते. पण वर्षाचा आकार तरी आधी ठाऊक असे. बैलाचेच पाहा. श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी होते, बैलाचे खांदे शेकून त्याला उद्याच्या जेवणाचे रीतसर आवतण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू चढत नाही, हे मालकाला, गड्याला आणि माझी खात्री आहे, बैलालाही ठाऊक असते. ज्या जिल्ह्यात बैलालासुद्धा सुटीचे आवतण आदल्या दिवशी मिळते, तिथे एका सज्ञान मुलीला आपली सुटी रात्री दहापर्यंत कळू नये!

रविवारची सुटी आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती कुणी मिळवली, हे आपण विसरतो. ख्रिस्ती माणसाला वाटते ती आपल्या धर्माने आणली. शाळेतल्या मुलाला वाटते ती सरकारने दिली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा आदेश काढला हे खरे; त्यातही शेतकऱ्याला त्याने मोकळीक ठेवली होती, कारण पेरणीची वेळ सम्राटासाठीही थांबत नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक गृहस्थाच्या खटपटीने. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या चार मागण्या पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण विश्रांती हवी. दुपारी अर्ध्या तासाची सुटी हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही लोखंड्यांचा युक्तिवाद होता. आपला प्रभूचा दिवस आणि त्यांचा खंडोबाचा वार एकाच दिवशी कामगाराच्या पदरात पडला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे कामगारांच्या स्थितीवरचे विश्वपत्र प्रसिद्ध झाले आणि त्यातही साप्ताहिक विश्रांतीचा आग्रह होता.

त्या चार मागण्यांकडे नीट पाहिले तर लक्षात येते की लोखंडे प्रत्येक वेळी ठरलेली वेळ मागत होते. वार ठरलेला, तास ठरलेले, तारीख ठरलेली. मजुरी वाढवा, ही मागणी त्या चारांत नाही.

दुकानांच्या बाबतीत ही जाणीव कायद्यातही होती. १९४२ च्या साप्ताहिक सुटीच्या केंद्रीय कायद्यात असे कलम होते की दुकानाचा बंद वार दर्शनी भागी सूचना लावून जाहीर करावा आणि तो तीन महिन्यांतून एकदाहून अधिक वेळा बदलू नये. जिथे राज्य सरकारांनी तो लागू केला तिथपुरताच तो चालला, ही गोष्ट वेगळी. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने कामाच्या वेळांचा तक्ता आधी ठरवून भिंतीवर लावण्याची सक्ती केली होती. मी तरुण असताना विदर्भातल्या गावोगावी बाजाराचा बंद वार असे आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. त्या दिवशी दुकानातली माणसे लग्नाला जात, दवाखान्यात जात, उशिरापर्यंत झोपत.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. बाजाराचा बंद वार गेला. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी, तीही आळीपाळीने, अशी व्यवस्था आली. गावाला ग्राहक म्हणून सोय झाली. पण जो वार साऱ्या गावाला ठाऊक होता, तो आता एका माणसाच्या डोक्यात आणि मोबाइलमध्ये गेला. न्यायाने बोलायचे तर या कायद्यात कामगारासाठी पुष्कळ काही आहे. साप्ताहिक सुटी नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुटी. वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा. २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, आणि पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने ती नाकारली तर ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागता येतात. शिवाय आठ सणांच्या भरपगारी सुट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या.

अडचण अशी की हे सारे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी लिहिले गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर व रोजचे तास नवावरून दहावर नेण्यास मंजुरी दिली. दारव्हा, घाटंजी, आर्णी, पांढरकवड्याच्या बाजारपेठेतून एकदा फिरून या. किती दुकानांत वीस माणसे दिसतात?

दुकानदाराचीही बाजू असते आणि आमच्या धर्मग्रामात दुकानदारही आहेत. एकाशी याविषयी बोललो तेव्हा तो म्हणाला, “फादर, गिऱ्हाईक काय चिठ्ठी पाठवून येतं?” मी हसलो, पण त्याच्याच गल्ल्यामागे कालनिर्णय टांगलेले होते. लग्नाचे मुहूर्त त्यात वर्षभर आधी छापलेले. दिवाळी कधी, ठाऊक. कापूस कधी विकला जातो आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी येतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. साड्यांची मागणी तो दोन-दोन महिने आधी नोंदवतो. मालाचा विचार आधी होतो. माणूस मात्र हाक मारली की येणार, असे धरलेले असते. एखादी मुलगी ऐन वेळी आजारी पडते, कुणी न सांगता नोकरी सोडते, हेही तो म्हणाला आणि ते खरे आहे. पण ज्याला सुटी मागून मिळत नाही, तो अखेर न सांगताच घेतो.

परदेशांतही हा प्रश्न याच स्वरूपात उभा राहिला आहे. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को नगराने २०१४ साली मोठ्या साखळी दुकानांना वेळापत्रक दोन आठवडे आधी देण्याचे बंधन घातले. ओरेगन राज्याने २०१७ साली पाचशे किंवा अधिक नोकर असलेल्या किरकोळ विक्रेत्यांसाठी तसाच कायदा केला. आधी सात दिवसांची पूर्वसूचना आणि २०२० पासून चौदा दिवसांची. आपल्या कायद्यात कामगाराने पंधरा दिवस आधी अर्ज करावा अशी अपेक्षा आहे, आणि ती रास्तच आहे. तितकेच दिवस आधी त्यालाही त्याच्या पाळ्या कळाव्यात, ही अपेक्षा मात्र आमच्या बाजारात अजून कुणी मोठ्याने बोलूनही दाखवत नाही.

धर्मगुरू म्हणून मला या मुलांना रविवारच्या मिस्सेविषयी उत्तर द्यावे लागते. नियम कठोर नाही. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, आणि योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचा पुरोहित एखाद्याला त्यातून सूटही देऊ शकतो. पण शनिवारी संध्याकाळी यायचे तर रविवारी आपली ड्युटी आहे, हे शनिवारी संध्याकाळी माहीत हवे! आमची मिस्सा संपते तेव्हा मॅनेजरच्या मोबाइलवर अजून काहीच लिहिलेले नसते. आणखी एक गोष्ट लिहितो, रागावू नका. रविवारी मिस्सा संपली की आपण सहकुटुंब ज्या दुकानांत खरेदीला जातो, तिथल्या काउंटरमागे आपल्याच घरांतली ही मुले उभी असतात.

गेल्या आगमनकाळात दुकानांत काम करणारी आमची दहा-बारा मुले एका रात्री साडेनऊनंतर, कारण त्याआधी ती सुटतच नाहीत, सभागृहात जमली. कायद्यातले ते कलम आम्ही एकत्र वाचले. चार सणांचे दिवस वर्ष सुरू होण्याआधी ठरवायचे, म्हणजे पुढच्या नाताळाची सुटी या डिसेंबरातच मागायची, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. प्रत्येकाने अर्ज लिहिला. ज्या दिवसाची रजा हवी तो दिवस, कारण, आपल्या जागी कोण उभे राहील त्याचे नाव आणि खाली तारीख. एक प्रत स्वतःजवळ. बदली माणसाचे नाव घालायची कल्पना एका मुलाची आणि ती फार चांगली होती. दुकानातल्या हिंदू व मुस्लिम सहकाऱ्यांनी नाताळाला उभे राहायचे आणि आमच्या मुलांनी दिवाळी-ईदला, असा परस्पर करार त्यांनी आधीच केला होता.

काहींना नाताळ मिळाला. दोघांना मालकांनी सांगितले की तुमच्यासारखे सगळेच कागद घेऊन आले तर दुकान चालवायचे कसे. एकाचा अर्ज घेतलाच नाही. सेवाग्रामला जाणाऱ्या त्या मुलीने आईच्या रुग्णालयाच्या कागदाची नक्कल अर्जाला जोडली आणि फेब्रुवारीत तिला तो दिवस खाडा न लागता मिळाला. एप्रिलचे अजून ठरायचे होते.

कालनिर्णयवाल्या त्या दुकानदाराने मात्र जानेवारीपासून दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद गल्ल्याशेजारी चिकटवायला सुरुवात केली आहे. परवा मी मुद्दाम वाकून पाहिले. कागद पेन्सिलीने लिहिलेला आहे आणि खोडरबर त्याने गल्ल्यातच ठेवला आहे.