पेंद्याचे स्नान

गेल्या पावसाळ्यात आमच्या आप्पांनी स्नानाशी असहकार पुकारला. वय 87, व्याधी स्मृतिभ्रंशाची. सकाळी कसाऱ्याकडे जाणारी गाडी शहाड स्थानकात शिरली की तिच्या भोंग्याबरोबर आमच्या घरातील संग्रामास प्रारंभ होई. "झालं माझं स्नान," असे आप्पा ठामपणे सांगत आणि गेले चार दिवस ते झालेले नाही, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करीत असे. सिद्ध झाल्यावरही ते जागचे हलत नसत, हे सांगावयास नकोच.

डॉक्टरांनी समजावले की, अशा नकारामागे बहुधा हट्ट नसतो. पाण्याची भीती, गारठा, दुखरे सांधे, मुलासमोर उघडे होण्याची लाज, यांपैकी काहीही असू शकते. गोंधळ एकाएकी वाढला असेल तर मूत्रमार्गाच्या संसर्गासारखे कारणही शोधावे लागते. तपासण्या झाल्या, तसे काही निघाले नाही. न्हाणीघरात खुर्ची आली, भिंतीला धरावयाचा दांडा आला, रबरी चटई आली. आप्पा मात्र आले नाहीत.

याच दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट घडली. गणपतीला पाहुणे जमले होते. चष्मा डोळ्यांवर असताना आप्पा तो घरभर कसा शोधतात, याची मी नक्कल करून दाखविली. सारे हसले. आप्पाही हसले; पण सर्वांच्या मागून, इतरांच्या तोंडांकडे पाहत. त्या रात्री ते जेवले नाहीत. आपण का जेवलो नाही, हे सकाळी त्यांना आठवत नव्हते. मला आठवत होते.

पुढे एका रविवारी नातीने दूरदर्शन संचावर एक इंग्रजी चित्रपट लावला. 'रस्टलर्स रॅप्सडी', 1985 चा. अमेरिकेत एके काळी गाणाऱ्या काऊबॉयच्या चित्रपटांची लाट होती. जीन ऑट्री, रॉय रॉजर्स हे त्यांतले नायक. रॉजर्सचा घोडा ट्रिगर तर स्वतःच एक नट मानला जाई. त्या साऱ्या मामल्याचे हे लाडिक विडंबन. आरंभ कृष्णधवल, मग पडदा रंगीत होतो. झकपक पोशाखातला नायक गावोगाव फिरतो आणि प्रत्येक गाव सारखेच असल्यामुळे पुढे काय घडणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. दुष्टांच्या तो केवळ हातावर गोळी मारतो. जिवे मारणे सज्जनाला शोभत नाही ना!

आप्पांना इंग्रजी येत नाही. तरी ते टक लावून पाहत होते. नायक गाऊ लागताच त्यांनी विचारले, "ह्याचा पेंद्या कुठाय?" थोड्या वेळाने गावातला एक दारुडा त्या नायकाचा सोबती होऊन मागे लागला, तेव्हा आप्पांनी टाळी वाजविली. "हा बघ, आला!"

मी चपापलो. काऊबॉय म्हणजे शेवटी गुराखीच की! आणि गाणाऱ्या गुराख्याची गोष्ट आपल्याला काय नवी? संत एकनाथांनी कृष्णाच्या गवळणी भक्तीने रचल्या. तमाशाने तोच कृष्ण मथुरेच्या वाटेवर उभा केला, त्याच्या जोडीला बोबडा, लंगडा पेंद्या दिला, गवळणींच्या पुढे पुरुषाने लुगडे नेसून वठविलेली मावशी दिली आणि दह्यादुधाच्या दाणावरून हास्याचा धुरळा उडविला. त्यात देवाची विटंबना झाली असे कुणाला वाटले नाही. आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' 1925 मध्ये आली. तीही ज्याने मूळ कविता मन लावून वाचल्या होत्या, त्याची थट्टा होती. गणपतीत मी केली ती निराळी. तिच्यात आप्पांना हसावयाला जागाच नव्हती.

आप्पा इथल्या रेयॉनच्या कारखान्यात नोकरीला होते. कामगारांच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षे पेंद्या तेच करीत. सकाळचा नाश्ता विसरणाऱ्या माणसाला ते सोंग आठवावे, यात नवल नाही. या आजारात ताज्या आठवणी आधी निसटतात. तरुणपणीच्या, लयीत बांधलेल्या पुष्कळदा मागे राहतात.

दुसऱ्या दिवशी मी, 61 वर्षांचा निवृत्त कारकून, डोक्यावर पंचाचा पदर घेऊन आणि रिकामी बादली कमरेवर ठेवून आप्पांसमोरून ठुमकत निघालो. सौभाग्यवती दारातच थबकली.

आप्पांनी डोळे बारीक केले. मग एक पाय ओढत ते उठले आणि वाट अडवून म्हणाले, "कुथं निघालीश गं मावशे?"

"मथुरेच्या बाजाराला."

"दान दे!"

"देते की. पण आधी यमुनेत हातपाय धुवून या. असल्या मळक्या हातावर मी लोणी ठेवायची नाही."

आप्पा लंगडत न्हाणीघरात आले. कोमट पाणी पायांवर पडताच माझ्याकडे वळून, सोंगाबाहेर न पडता, म्हणाले, "यमुनेला गीजल कधी बशवला?"

इतके मी कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो. लोणी मात्र द्यावे लागले, पोळीवर.

हा उपाय रोज चालतो असे कुणी समजू नये. काही सकाळी आप्पा माझ्याकडे परक्यासारखे पाहतात. तेव्हा मी पदर उतरवून ठेवतो आणि ओल्या पंचाने अंग पुसून देतो. स्नान उद्यावर जाते. सोंगाचा आग्रह धरला तर ती पुन्हा जबरदस्तीच. आणखी एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: पाहुण्यांसमोर हा खेळ नाही. मोबाइलवर चित्रण करण्याची नातीची इच्छा मी मोडली. ती थोडी रुसली.

गेल्या आठवड्यात मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी बादली घेऊन उभा राहिलो आणि पुढचे वाक्यच सुचेना. आप्पा बराच वेळ थांबले. मग माझ्या खांद्यावरून घसरलेला पंचा उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर नीट बसविला आणि हळूच, प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणाले, "मथुरेला."