धिम्या तारेचा धडा

विद्या देणाऱ्याने किती दिले यापेक्षा घेणाऱ्याच्या ओंजळीत किती उरले हे पाहावे, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. शाळेत उभा जन्म काढलेल्या माणसालाही या सांगण्याचा अर्थ कधी कधी पुस्तकातून उमगत नाही. एखाद्या जुनाट यंत्रापुढे रात्री जागवताना तो उमगतो. वाक्वा येथील एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरी १९९९ साली असेच घडले. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. येथेही तेच नाव पुरे आहे.

गुरुजींचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबईमार्गे गिरमिटावर मॉरिशसला आले आणि उसाच्या मळ्यात राबले. पहिली काही वर्षे कोणाकडून तरी लिहवून घेतलेली पत्रे गावी जात आणि क्वचित उत्तरही येई. पुढे लिहून देणारा गेला, वाचून दाखवणारा गेला, आणि पत्रे थांबली. मूळ गावाचे नाव तीन पिढ्यांच्या तोंडी घासून इतके गुळगुळीत झाले की, ते कोणत्याही नकाशावर सापडेना. म्हणूनच गुरुजींची नात भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर मराठीचा अभ्यास करण्यासाठी पुण्यास गेली, तेव्हा त्या घराला नुसता अभिमान वाटला नाही. तुटलेली पत्रे पुन्हा सुरू होतील अशी आशाही वाटली.

नात दर रविवारी तेथील रात्री साडेआठ वाजता एका दूरध्वनी केंद्रातून घरी बोले. त्या वेळी मॉरिशसला सायंकाळचे सात वाजलेले असत. आजी साडेसहापासूनच दूरध्वनीशेजारच्या खुर्चीवर येऊन बसत. परंतु परदेशी बोलणे महाग. पाच मिनिटांत ‘बरी आहेस ना, जेवतेस ना’ एवढेच होई. टपालाने पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत पहिल्या पत्रातील पडसे बरे होऊन दुसरे सुरू झालेले असे. अशा वेळी पुण्यात नातीच्या वसतिगृहाजवळ एक सायबर कॅफे निघाला आणि तिने सुचवले, ‘आजा, घरी इंटरनेट घ्या. रोज पत्र लिहिता येईल.’

गुरुजींच्या मुलाच्या कार्यालयातून त्याच सुमारास एक जुना संगणक मोडीत निघाला होता. ४८६ जातीचा प्रोसेसर, ८ मेगाबाइट स्मृती आणि विंडोज ९५, एवढेच त्याचे भांडवल. सीडी वाचण्याची सोयदेखील त्यात नव्हती. मुलाने तो घरी आणला, त्याला जोडण्यासाठी बाहेरून लावायचा एक नवा मोडेम विकत घेतला, आणि सारा खटाटोप पंधरा वर्षांच्या नातवावर सोपवला. देखरेख अर्थातच गुरुजींची.

आजोबा आणि नातू यांचे त्या दिवसांत फारसे जमत नव्हते. नातू अकरा वर्षांचा होईपर्यंत गुरुजींपाशी मराठी शिकत होता. मग एके दिवशी त्याने वही मिटली ती पुन्हा उघडली नाही. क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी या भाषा त्याच्या जिभेवर नाचत, पण घरात मराठीत प्रश्न केला तर उत्तर क्रिओलमध्ये येई. गुरुजींनी शेकडो मुलांना बाराखडी शिकवली होती. स्वतःच्याच नातवाने पाठ फिरवावी, हे शल्य त्यांनी कोणास बोलून दाखवले नाही. पण ते घरातल्या सर्वांना ठाऊक होते.

काम सुरू झाले. मोडेम म्हणजे एक दुभाषी. संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची, तर दूरध्वनीची तार मनुष्याच्या आवाजासाठी बांधलेली. मोडेम त्या आकड्यांचे स्वर करून तारेवर सोडतो आणि पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा आकडे करतो. एक तार भिंतीतल्या दूरध्वनीच्या खोबणीत गेली, दुसरी संगणकाच्या पाठीमागे. विंडोजचा डायल-अप नेटवर्किंग हा भाग यंत्रात आधीपासून घातलेला नव्हता. तेरा फ्लॉपींचा गठ्ठा काढून, यंत्र मागेल तो क्रमांक पुढे करीत तो चढवावा लागला. नंतर टीसीपी-आयपी, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, आणि नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचे चार गटांतले आकडे. पहिल्या रात्री जोडणी झाली तरी एकही पान उघडेना. गुरुजींनी चष्मा पुसून कागद व पडदा ताडून पाहिला, तो एका गटात ३ च्या जागी ८ पडलेला. शुद्धलेखन तपासण्याची सवय त्या दिवशी उपयोगी पडली.

आकडे सुधारल्यावर मोडेमने पुन्हा क्रमांक फिरवला. लांब शीळ, मग घरघर, मग खरखर, आणि शेवटी शांतता. दोन्ही टोकांचे मोडेम त्या अर्ध्या मिनिटात तारेची परीक्षा घेत असतात आणि ती किती वेग सोसेल हे परस्परांत ठरवतात. आजींनी आतल्या खोलीतला दुसरा दूरध्वनी सहज उचलला आणि त्या दचकल्या. ‘अगोबाई, ह्यात कोण किंचाळतंय?’ त्यांनी रिसीव्हर उचलताच तारेवरील संभाषण विस्कटले आणि जोडणी तुटली. पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

तरीही खरी अडचण निराळीच होती. जोडणी टिकली तरी पाने अर्धवट येत आणि पत्र उतरता उतरता थांबून जाई. मोडेमच्या खोक्यावर ५६ हजारांचा आकडा छापलेला. नातवाने यंत्रातला वेगही सर्वांत वरचा, १,१५,२०० चा ठेवलेला. दोष कोणाचा? नातवाने सेवा देणाऱ्यांना दोष दिला. गुरुजींनी वाक्वाच्या दमट हवेला दिला; तेथे पावसाने तांब्याच्या तारांचे सांधे गंजून दूरध्वनीत खरखर होणे नित्याचेच होते. दोघेही हट्टाला पेटले. हा चालेल, तो चालेल, असे करीत सायंकाळच्या सायंकाळ तार अडकून राहू लागली.

अशाच एका रविवारी साडेपाचला दोघे यंत्रापुढे बसले ते नऊला उठले. आजी साडेसहापासून खुर्चीवर बसून होत्या. सात वाजले, साडेसात वाजले, आठ वाजले. त्या काही बोलल्या नाहीत. जेवायला उठताना एवढेच म्हणाल्या, ‘पोरीला आज काम असेल.’

पुढच्या रविवारी नातीचा आवाज आला तेव्हा कळले की, मागच्या वेळी ती दीड तास त्या केंद्रात उभी होती. दर वेळी क्रमांक व्यस्त लागे. शेवटी दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून ती परत गेली आणि घरी काही अघटित तर घडले नाही ना, या चिंतेने तिने रात्र काढली. आजींनी ते ऐकले, रिसीव्हर खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, ‘मला वाटलं, विसरली.’

त्या तीन शब्दांनी जे केले ते रागावण्याने झाले नसते. माणसे जवळ आणण्यासाठी घरात आणलेल्या यंत्राने, एक म्हातारी व तिची नात यांच्यामध्ये असलेली एकुलती एक तारही बंद केली होती. आणि ती बंद करणारे दोघे जाणते त्याच खोलीत बसले होते. त्या दिवसापासून नियम झाला : रात्री नऊनंतर वीस मिनिटे, रविवारी मुळीच नाही, आणि वादळाची सूचना असली की मोडेमची तार भिंतीतून काढून ठेवायची.

मग गुरुजींनी शिक्षकाच्या रीतीने प्रश्न पुन्हा पहिल्यापासून मांडला. अक्षरे नेमकी कोठे सांडतात? तारेवर चूक झाली तर दोन मोडेम ती आपसात दुरुस्त करून घेतात, असे माहितीपत्रकात लिहिले होते. तेव्हा समुद्रापलीकडचा दोष सोडून घराच्या आत पाहणे प्राप्त होते. नातवाने मोडेमच्या तपासणीचे पान उघडले. तेथे संगणकाच्या पाठीमागच्या खोबणीतील चिपेचे नाव होते : ८२५०. ही जुनी जात. तिच्यापाशी आलेले अक्षर ठेवायला जागा एकच. संगणकाने ते उचलले नाही तोच दुसरे आले, तर पहिले नाहीसे होते. नंतरच्या १६५५० ए या चिपेत सोळा अक्षरांची जागा असते. येथे मोडेम सेकंदाला साडेअकरा हजारांच्या वेगाने अक्षरे ओतीत होता आणि घेणाऱ्याच्या हातात एकच वाटी होती. तार चांगली होती, मोडेम चांगला होता, संगणकही आपल्या परीने प्रामाणिक होता. समुद्र ओलांडून सुखरूप आलेली अक्षरे घरात, शेवटच्या हातभर अंतरात सांडत होती.

नातवाने वेग १,१५,२०० वरून १९,२०० वर आणला. म्हणजे सेकंदाला १,९२० अक्षरे. आणि पत्र पूर्ण उतरले! जी पाने पूर्वी दहा दहा मिनिटे घेऊन अर्धी येत, ती सावकाश परंतु सबंध येऊ लागली.

त्या रात्री गुरुजी बराच वेळ गप्प होते. समुद्र ओलांडून आलेली भाषा शेवटच्या हातभर अंतरात सांडते, हे त्यांनी आपल्या घरातच पाहिले होते. आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी एका बैठकीत वीस वीस शब्द दिले होते, एक चुकला की पुन्हा वीस दिले होते, वर लिंग-वचन-विभक्ती दिली होती. ते देत होते तेव्हा मूल आधीचे उचलून ठेवीत होते की नाही, हे पाहावयाचे राहून गेले होते.

आता पत्र लिहावयाचे होते. नातू म्हणाला, रोमन अक्षरांत लिहू. गुरुजींनी मान हलवली. जन्मभर देवनागरी शिकवलेल्या हाताने ते होणे नव्हते. परंतु विंडोज ९५ ला देवनागरी ठाऊक नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली असली तरी ती सोय विंडोजमध्ये २००० या आवृत्तीपासून आली. तोवर उपाय एकच : असा फॉन्ट, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पाठवणाऱ्याकडे व घेणाऱ्याकडे तोच फॉन्ट असेल तर पत्र. नसेल तर निरर्थक चिन्हांचा पसारा. म्हणून फॉन्टची फाइल पत्राच्या आधी पाठवली. तिला दोन मिनिटे लागली. पुण्याच्या कॅफेमालकाची मनधरणी करून नातीने ती तेथील संगणकात बसवली.

गुरुजींना टंकलेखन येत नव्हते. सांगणारे ते आणि कळ दाबणारा नातू. कोणत्या कळीवर कोणते अक्षर, याचा तक्ता समोर होता; पण तक्ता वाचायला अक्षर ओळखावे लागते. ‘क्ष’ कोठे आहे हे नातवाला सापडेना. गुरुजींच्या जिभेवर पूर्वीचे शब्द आले आणि त्यांनी ते गिळले. एक अक्षर सांगावे, थांबावे, ते पडद्यावर उमटलेले पाहावे, मग पुढचे. सतरा ओळींच्या पत्राला तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री नातवाने न सांगता, शेवटी स्वतःची एक ओळ जोडली : ‘ताइ फोन आडवला. चुक माझि.’ ओळीत चार चुका होत्या. गुरुजींचा हात सवयीने पुढे झाला, आणि मागे आला. पत्र तसेच गेले.

सप्टेंबरात नातीचे उत्तर आले. ती गणपतीत मैत्रिणीबरोबर रत्नागिरी जिल्ह्यात गेली होती. तेथे रात्री पायात घुंगरू बांधून, फेर धरून नाचणारे पुरुष पाहून तिने नाव विचारले, तेव्हा उत्तर मिळाले : जाखडी. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला आपण जी झाकरी म्हणतो, तीच ही. नातवाने पत्र मोठ्याने वाचले. अडखळत, पण मराठीतून. आजींनी तो भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आपला शब्द बुडाला नव्हता. जरा वळला होता एवढंच.’

२००२ साली सेफ ही समुद्राखालची तार सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेपासून निघून मॉरिशसवरून, कोचीनला भारताचा किनारा गाठून ती मलेशियाला जाते. पणजोबांचे जहाज ज्या समुद्रातून आले, त्याच्याच तळातून आता प्रकाशाच्या वेगाने निरोप जाऊ लागले. पुढे ब्रॉडबँड घराघरांत आले, आणि तो संगणक दुसऱ्यांदा, कायमचा, मोडीत गेला. आज पुण्यातला चेहरा तळहातावर दिसतो आणि तार अडत नाही. वेगाची ददात कोणालाच उरलेली नाही.

शेवटचे हातभर अंतर मात्र प्रत्येक घरात तेवढेच आहे. रविवारी मुलांना मराठी शिकवू पाहणाऱ्या आईबापांनी व आजीआजोबांनी मुलाच्या हातातील वाटी आधी पाहावी, ती केवढी आहे ते ओळखावे, आणि तिच्यात मावेल तेवढेच घालावे. भाषा सावकाश पोहोचली तरी चालेल; ती सबंध पोहोचावी.