मुक्या चित्रफितीला फुटलेला कंठ

युद्धपट म्हटला की तोफांचा गडगडाट आणि विजयाचा जयघोष हे ठरलेलेच. परंतु पीटर जॅक्सन यांचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ हा पहिल्या महायुद्धावरील २०१८ सालचा माहितीपट पाहून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. लंडनच्या युद्धसंग्रहालयात जपलेल्या मूक चित्रफितींना त्यात रंग दिला आहे, त्यांची गती सुधारली आहे. जाणकारांकडून शिपायांचे हलणारे ओठ वाचून घेऊन त्यांचे शब्द पुन्हा बोलविले आहेत. निवेदक नाही; वृद्ध सैनिकांचे ध्वनिमुद्रित आवाजच सारे सांगतात. ते पराक्रमाइतकेच चहाविषयी, उवांविषयी, चिखलाविषयी बोलतात. म्हणूनच त्यांचे मरण घरच्या माणसाचे वाटते.

ते ऐकताना आम्हां बेळगावकरांना कुत-अल-अमारा आठवणारच. मेसोपोटेमियातील त्या गावी मराठा पलटणींचे शिपाई १४७ दिवस वेढ्यात अर्धपोटी झुंजले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे कैदेत कित्येक दगावले. जे परतले त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे बोलणे ओसरीवरच्या चार माणसांनी ऐकले आणि बहुतांशी तेथेच विरले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी पणजोबांचे पदक, एखादे पत्र किंवा आजीने सांगितलेली हकीकत उरली असेल, तर ती आजच वहीत उतरवून ठेवावी. पदकावर नाव कोरलेले असते; माणूस मात्र सांगणाऱ्याच्या मुखीच जगतो.